१९२ फ्रेमचं आवर्तन: तालावर चालणारं अमूर्त ॲनिमेशन घरी कसं करायचं

पांढरा कागद, कोळसा आणि ब्राम्सचं पाचवं हंगेरियन नृत्य. १९३१ च्या सुमारास बर्लिनमध्ये जर्मन ॲनिमेटर ओस्कार फिशिंगरने 'स्टडी नंबर ७' ही अडीचेक मिनिटांची फिल्म केली, ती एवढ्याच भांडवलावर. पडद्यावर माणूस नाही, प्राणी नाही, गोष्ट नाही. काळ्याभोर अंधारात पांढऱ्या रेघा उसळतात, वळतात, विरतात. तरी पाहताना पाय आपोआप ठेका धरतो.

हे जमवायला स्टुडिओ लागत नाही. चित्रकला उत्तम असावी असंही नाही, कारण इथे हात, डोळे, नाक काढायचंच नसतं. लागतं ते मोजायचा कंटाळा नसणं. बहुतेकांची पहिली फिल्म फसते ती चित्रांमुळे नव्हे. आधी भराभर चित्रं काढली जातात आणि मग त्याखाली गाणं सरकवलं जातं, म्हणून. क्रम उलटा हवा. म्हणून या लेखाचा पहिला निम्मा भाग कोळशाला हात न लावता जाणार आहे.

लक्ष्य छोटं ठेवू: तीनतालाची, म्हणजे सोळा मात्रांच्या तालाची, चार आवर्तनं (फेऱ्या), ३२ सेकंद.

संगीत निवडताना

शब्द असलेलं गाणं घेऊ नका. 'चंद्र' हा शब्द कानावर पडला की पडद्यावरचं वर्तुळ चंद्र होऊन बसतं, मग तुम्ही काहीही करा. लेहऱ्यावरचं (तबल्यामागे पेटीवर किंवा सारंगीवर वाजत राहणाऱ्या धूनवरचं) तबलावादन सुरुवातीला सगळ्यात सोयीचं: शब्द नाहीत, सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा स्वच्छ कळते आणि लेहरा फिरून फिरून तोच येत असल्यामुळे चित्रंही फिरून वापरता येतात.

बाजारातली रेकॉर्डिंग उचलण्याआधी हक्कांचा विचार करा. भारतात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ध्वनिमुद्रणावरचा वेगळा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. रचना जुनी असली म्हणजे मुद्रण मोकळं झालं, असं नाही. फिशिंगरलाही हे चुकलं नाही. फ्रेंच संगीतकार दुकासच्या 'सॉर्सरर्स अप्रेंटिस'वर केलेली त्याची 'स्टडी नंबर ८' अर्ध्यावर तुटते, कारण रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या हक्कांचे पैसे त्याच्याकडे नव्हते. आपल्याकडे उपाय सोपा आहे. ओळखीत कोणीतरी तबला शिकत असतंच. त्यांना मेट्रोनोमवर (ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या ॲपवर) चार आवर्तनं साधा ठेका आणि शेवटी एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, वाजवायला सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करा.

गणित

फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते, म्हणजे मिनिटाला १४४०. त्याला लयीने भागा, की एका मात्रेच्या फ्रेम मिळतात. मिनिटाला १२० मात्रा असतील तर मात्रेला १२ फ्रेम. ९० ला १६, ८० ला १८, ७२ ला २०, १४४ ला १०.

लय अशीच निवडा की भागाकार पूर्ण जाईल. मिनिटाला १०० मात्रा घेतल्या तर मात्रेला १४.४ फ्रेम येतात. ते ०.४ 'जाऊ दे' म्हणून सोडलं तर एका आवर्तनात ६ फ्रेमहून जास्त चूक साठते, म्हणजे पाव सेकंद. पाव सेकंद हुकलेली सम तालाची जाण नसलेल्यालाही खटकते.

आपण १२० धरू. १६ मात्रा गुणिले १२, म्हणजे आवर्तन १९२ फ्रेमचं, बरोबर ८ सेकंदांचं. सम १ ल्या फ्रेमवर, पाचवी मात्रा ४९ व्या, खाली म्हणजे नववी मात्रा ९७ व्या, तेरावी १४५ व्या आणि पुढची सम १९३ व्या फ्रेमवर. हे पाच आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा.

मेट्रोनोमशिवाय वाजवलेलं असेल तर या गणितावर विसंबू नका. चांगला वादकही रंगात आला की लय किंचित चढते. अशा वेळी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या, रेकॉर्डिंग त्यात वाजवायला लावा आणि प्रत्येक समेवर कंट्रोल आणि एम ही बटणं दाबत जा. तिथे खूण पडते. मग लहरींचं चित्र मोठं करून खुणा नेमक्या 'धा'च्या टोकावर सरकवा. दोन समांमधलं अंतर मोजा आणि त्या आवर्तनापुरत्या फ्रेम वाटून घ्या. काम वाढतं, पण जिवंत वादनाला तेवढी किंमत मोजावी लागते.

तक्ता

या कलेचा खरा कारखाना हा. जर्मन फिल्मकार वॉल्टर रुटमनची 'लिश्टश्पील ओपस १' ही अमूर्त फिल्म एप्रिल १९२१ मध्ये बर्लिनमध्ये दाखवली गेली, तेव्हा फिल्मवर आवाज उमटवण्याची सोय चित्रपटगृहांत नव्हती. वादक प्रत्यक्ष वाजवायचे. मॅक्स बुटिंगने त्यासाठी संगीत रचलं आणि त्या संगीताच्या कागदांवर रंगीत चित्रं काढलेली होती, म्हणजे वाजवताना आपण पडद्यावर कुठे आहोत ते वादकांना कळावं. तसाच कागद आपल्याला हवा, फक्त उलट्या कामासाठी.

चौकटींच्या वहीची पानं आडवी चिकटवून पट्टी करा. एक चौकट म्हणजे दोन फ्रेम. दोनच का? कारण प्रत्येक चित्र दोनदा टिपायचं, सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं काढायची. डोळ्याला चालतं आणि काम निम्म्यावर येतं. मात्रेला ६ चौकटी, आवर्तनाला ९६. वरच्या ओळीत बोल लिहा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दुसऱ्या ओळीत काय ऐकू येतं ते शब्दांत: 'बायाची (डाव्या हाताच्या तबल्याची) घुमारी', 'फक्त चाट (उजव्याच्या काठावरचा आघात)', 'लेहरा वर चढतो'. तिसरी ओळ चित्राची. ती आज रिकामी ठेवा. रेकॉर्डिंग पंधरा-वीस वेळा ऐका, बोटाने चौकटींवरून सरकत. चित्र सुचायला लागेल ते इथे.

माझ्या हाती लागलेली एक युक्ती सांगतो. ठेक्यात भरी आणि खाली असते. खालीच्या भागात 'तिं'पासून बाया घुमत नाही, नाद पोकळ होतो. चित्रातही तेच करा. भरीच्या मात्रांना आकार कोळशाने गच्च भरा, पोकळ मात्रांना फक्त बाह्यरेषा ठेवा. १०९ व्या फ्रेमवर, पहिल्या 'तिं'ला, भरीव गोळे एकदम पोकळ होतात आणि 'धिं' परतला की पुन्हा भरतात. ताल न कळणाऱ्या पाहुण्यालाही काहीतरी निघून गेलं आणि परत आलं हे जाणवतं.

तिहाई तर चित्रासाठीच जन्मली आहे. 'तिटकत गदिगन धा' हा तीन मात्रांचा तुकडा, मध्ये दोन मात्रा दम. पाचव्या मात्रेपासून उचलली तर पहिला धा सातव्या मात्रेवर, दुसरा बाराव्या आणि तिसरा समेवर. फ्रेम अनुक्रमे ७३, १३३, १९३. एकच आकार तीनदा झेप घेतो, दोनदा अलीकडे पडतो, तिसऱ्यांदा मध्यबिंदूवर बसतो. शेवटच्या आवर्तनाच्या तक्त्यात १९३ नंतर पाच-सहा चौकटी जास्त ठेवा, समेवरचा धा विरायला जागा लागते.

नक्कल नको, साथ हवी

तक्ता भरताना एक मोह होतो: प्रत्येक आघाताला एक ठिपका, प्रत्येक सुराला एक रेघ. पहिली पाच सेकंदं मजा येते, मग डोळा थकतो, कारण कानाला कळलं तेच त्याला पुन्हा सांगितलं जातंय. या चिकटपणाला ॲनिमेशनवाले 'मिकी माउसिंग' म्हणतात.

गाण्याच्या बैठकीत पेटीवाला काय करतो ते आठवा. तो प्रत्येक तान जशीच्या तशी वाजवत नाही. कुठे मागून येतो, कुठे नुसता सूर धरतो, कुठे गप्प बसतो. चित्राने तशी साथ करावी. साधारण नियम असा ठेवा: सम आणि खाली पक्की पकडायची, मधल्या आघातांपैकी निम्मे सोडून द्यायचे. लेहऱ्याची चाल एखाद्या संथ, लांब रेघेला द्यायची आणि ती तालाच्या आकारांशी सारखी भिडू द्यायची नाही. फिशिंगर स्वतः पुढे आणखी सैल झाला. त्याची १९४७ ची 'मोशन पेंटिंग नंबर १' बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्तोवर आहे, पण सूर-सुराला जोडलेली नाही. पारदर्शक ॲक्रिलिकवर तैलरंगाचा एक फटकारा मारायचा, एक फ्रेम टिपायची, असं महिनोन्‌महिने. अकरा मिनिटांत चित्र वाढत जातं आणि संगीत शेजारून वाहतं.

हाच माणूस त्याआधी डिझ्नीच्या 'फँटेशिया'तल्या बाखच्या भागावर कामाला होता. तिथे त्याच्या अमूर्त आकारांना ओळखीच्या वस्तूंकडे झुकवण्यात आलं आणि १९३९ मध्ये तो बाहेर पडला.

कोळसा आणि कागद

आता बाजारात जा. ए-४ आकाराचे साधे झेरॉक्सचे कागद, कोळशाच्या कांड्या (स्टेशनरीच्या दुकानात 'चारकोल' म्हणून मागा), खोडरबर, कापूस आणि ऑफिसात कागद फाइल करायला वापरतात ते दोन भोकांचं पंच.

कागद हलता कामा नये, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुठ्ठ्यावर किंवा लाकडी पाटावर दोन बोल्ट असे बसवा की पंचची भोकं त्यात घट्ट बसतील. सगळे कागद एकाच पंचने, एकाच बाजूला धरून पाडा. कागदावर २४ गुणिले १३.५ सेंटिमीटरची चौकट आखलेला एक नमुना खाली ठेवा. पडद्याचं प्रमाण तेच असतं. काच आणि खालून दिवा असेल तर मागचं चित्र दिसतं. नसेल तर पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला टॅब्लेट चालतो, त्यावर फक्त प्लॅस्टिक घाला. कोळशाची पूड चार्जिंगच्या भोकात गेलेली मी पाहिली आहे. प्रत्येक कागदावर चौकटीबाहेर नंबर घालायचा. ते टाळलं आणि पंख्याने गठ्ठा उडाला, तर जन्मभर आठवण राहील.

काळ्यावर काळं कसं दिसणार, ही शंका रास्त आहे. युक्ती फिशिंगरचीच: पांढऱ्यावर कोळशाने काढायचं आणि निगेटिव्ह वापरायची. मोबाइलवर टिपल्यावर एडिटिंगमध्ये रंग उलटे करा. कोळसा पांढराशुभ्र उजेड होतो आणि बोटाने पुसलेला राखी डाग धुक्यासारखा तरंगतो. त्यामुळे डाग पडले म्हणून कागद फेकू नका.

ठेका दिसतो तो आकारात नाही, अंतरांत. समजा गोळा एका मात्रेत १२ सेंटिमीटर जाऊन आघातावर आपटायचा आहे. समान अंतरांवर काढला तर तो तरंगत जातो, आपटत नाही. सहा टप्पे असे ठेवा: अर्धा, एक, दीड, दोन, तीन, चार सेंटिमीटर. बेरीज १२ च, पण शेवटी वेग चढतो आणि आघात बसतो. रेघ विरायची असेल तर हेच आकडे उलटे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दाखवायची असेल तर मात्र टप्पे जवळजवळ सारखे आणि वाट वळणाची. एवढं एक हातात बसलं की अर्धं ॲनिमेशन आलं.

कागदांचा हिशेब: चार आवर्तनांची ३८४ चित्रं. पहिलं आणि तिसरं आवर्तन त्याच चित्रांवर चालवलं तर २८८. एका चित्राला पाच मिनिटं धरली तर २४ तास. रोज दीड तास बसलात तर सोळा दिवस, मात्रेला एक दिवस.

टिपणं

मोबाइल कागदावर बरोबर उभा खाली पाहणारा हवा. दोन स्टुलांवर फळी आणि फळीला भोक, हा स्टँड कोणत्याही विकतच्या स्टँडपेक्षा स्थिर असतो. खिडकी बंद करा. ढग सरकला की सगळी फिल्म लुकलुकते. दोन्ही बाजूंनी सारखे दोन दिवे लावा. स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये फोकस, उजेड आणि रंगाचा समतोल लॉक करा. शटर १/५० वर ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि भलत्या शटरला एलईडीचे पट्टे उमटतात. गडद रंगाचा सदरा घाला. पांढऱ्या सदऱ्याचा उजेड कागदावर पडतो आणि तुम्ही वाकलात की फ्रेम उजळते. माझे चाळीस कागद या कारणाने पुन्हा टिपावे लागले. बटण बोटाने दाबू नका, इअरफोनच्या आवाजाच्या बटणावर टिपता येतं.

कॅमेऱ्याशिवाय

ज्यांना कागद आणि बोल्ट नकोत त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती जास्त आवडते. न्यूझीलंडच्या लेन लायने १९३५ मध्ये ब्रिटिश पोस्टखात्याच्या फिल्म विभागासाठी 'अ कलर बॉक्स' केली, ती कॅमेरा न वापरता, थेट फिल्मच्या पट्टीवर रंगवून. क्युबन वाद्यवृंदाने वाजवलेल्या नाचाच्या धूनवर रंग नाचतात आणि शेवटी पार्सल पोस्टाची जाहिरात येते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लरेन आणि एव्हलिन लँबार्ट यांनी १९४९ ची 'बिगॉन डल केअर' ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर अशीच रंगवली: ब्रशने, जाळीदार कापड दाबून, रंगावर बसलेली धूळही वापरून. मधल्या संथ भागात मात्र काळ्या फिल्मवर नुसते ओरखडे आहेत, आणि माझ्या मते ती दोन-तीन मिनिटंच त्या फिल्मचा प्राण आहेत. हा मॅक्लरेन १९५३ मध्ये युनेस्कोच्या कामासाठी भारतातही आला होता.

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या थिएटरवाल्यांकडे ३५ मिलिमीटरचे ट्रेलर, जाहिरातींचे तुकडे मिळतात. १९५० च्या दशकातली किंवा त्याआधीची फिल्म घेऊ नका. ती नायट्रेटची असू शकते आणि भयानक पेट घेते. चित्र काढून टाकायला कपड्यांचं ब्लीच लागतं. गच्चीवर, हातमोजे घालून, लहान मुलं लांब ठेवून. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फरशी धुण्याचं दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. जिलेटिनचा थर सुटला की पाण्याने धुऊन दोरीवर वाळत घाला.

एक फ्रेम म्हणजे कडेची चार भोकं, १९ मिलिमीटर. सेकंदाला ४५.६ सेंटिमीटर. आपलं एक आवर्तन ३ मीटर ६५ सेंटिमीटरचं होतं; चारही मिळून साडेचौदा मीटर, म्हणजे जवळपास पावणेदोन नऊवाऱ्या. इथे तक्त्याचीच पट्टी खऱ्या मापाने करून फिल्मखाली ठेवायची आणि समेच्या जागी लाल खूण करायची. पर्मनंट मार्कर चांगला धरतो. काळी शाई निसटते, तिच्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका. प्रत्येक फ्रेममध्ये चित्र काढत बसू नका. मीटरभर लांब नागमोडी रेघ ओढा, ती पडद्यावर आपोआप डावी-उजवीकडे थरथरते. धुतली नाही अशी काळी फिल्म असेल तर कर्कटकाच्या टोकाने ओरखडा. ओरखडा जसा खोल जाईल तसा रंग बदलतो, कारण रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे तीन थर एकावर एक असतात.

प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. पट्टी पांढऱ्या उजेडाच्या टॅब्लेटवर ठेवा, भोकं टाचण्यांत अडकवून एकेक फ्रेम सरकवा आणि मोबाइलने टिपा. कंटाळवाणं आहे. रेडिओ लावून बसा, फक्त त्यावर दुसऱ्या तालाचं गाणं नसावं.

जुळवणी

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह किंवा ब्लेंडर हे प्रोग्रॅम, दोन्ही मोफत. प्रोजेक्ट उघडताच आधी २४ फ्रेम ठरवा. तीसवर ठेवून पुढे गेलात तर सगळं गणित पाण्यात. चित्रं नंबरानुसार, प्रत्येक दोन फ्रेम, आणि खाली आवाज. समेचा धा पहिल्या फ्रेमला लावा.

मग आवाज बंद करून पाहा. व्हायकिंग एगेलिंगची 'डायगोनल सिंफनी' नावाने सिंफनी असूनही मूक आहे, आणि तिच्यातल्या आकारांची उघडझाप कानाशिवाय 'ऐकू' येते. आपल्याकडे अकबर पदमसी यांनी १९६९-७० मध्ये मुंबईत 'सिझिजी' ही अमूर्त आकृत्यांची फिल्म केली, राम मोहन यांच्या ॲनिमेशनच्या साथीने, तीही मूकच. तुमची फिल्म मुकी असताना तिची सम बोट दाखवून सांगता येते का? येत नसेल तर दोष जुळवणीत नाही, अंतरांत आहे. अर्धा-एक-दीड-दोनकडे परत जा.

शेवटी एक बारीक दुरुस्ती. चित्र आणि आवाज फ्रेमला फ्रेम जुळवले तरी कित्येकदा चित्र उशिरा आल्यासारखं वाटतं. सगळं चित्र एका फ्रेमने, फार तर दोन, आवाजाच्या आधी येईल असं सरकवून पाहा. किती, हे ठरवायला आकडेमोड नको. ज्याने तबला वाजवला त्यालाच समोर बसवा आणि तुम्ही पडदा न पाहता त्याच्याकडे पाहा. समेला त्याची मान सहज हलली तर हात लावू नका. हलण्याआधी पापण्या किंचित आवळल्या, तर अजून एक फ्रेम सरकवा.